पासवर्ड बदलूनही मेल खातं पुन्हा पुन्हा हॅक होतंय? आधी कॉम्प्युटर, मग मेल, मग बँक

तक्रार बहुतेक एकाच साच्याची असते. आयकर परतावा मंजूर झाल्याचा मेल आला, सोबतची फाइल उघडली किंवा लिंकवर जाऊन बँक खात्याचा तपशील भरला. नंतर मेल खात्यात कुणीतरी शिरल्याचं लक्षात आलं. पासवर्ड बदलला, काही दिवस शांततेत गेले आणि पुन्हा तेच सुरू झालं. ओळखीच्यांना आपल्या नावाने भलतेच मेल जातात, क्रेडिट कार्डावर न केलेली खरेदी दिसते, बँकेचे सूचनांचे मेल मात्र कुठेच सापडत नाहीत. माणूस पुन्हा पासवर्ड बदलतो, या वेळी आणखी लांब आणि अवघड. तरी फरक पडत नाही.

सांगली-मिरज भागातल्या छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि मेल सांभाळणं हे माझं काम. कर सल्लागार, बेदाण्याचे व्यापारी, पतसंस्था, दवाखाने असे लोक माझ्याकडे येतात. विवरणपत्रं भरायच्या हंगामात ही तक्रार सर्वांत जास्त येते, आणि ती घेऊन येणारी माणसं निष्काळजी नसतात. त्यांनी उपाय केलेला असतो, फक्त त्याचा क्रम चुकलेला असतो. कॉम्प्युटरमध्ये माहिती चोरणारा प्रोग्रॅम बसलेला असताना त्याच कॉम्प्युटरवर नवा पासवर्ड टाइप केला, तर तो चोराला आयता मिळतो. कॉम्प्युटर स्वच्छ असला आणि मेल खात्यात चोराने करून ठेवलेल्या वाटा तशाच राहिल्या, तर त्याला पासवर्ड लागतच नाही. चोर घरात बसलेला असताना दाराचं कुलूप बदलावं, तसं ते होतं.

म्हणून क्रम असा: पैसे गेले असतील तर ते अडवायचे, मग कॉम्प्युटर साफ करायचा, मग मेल खातं, आणि शेवटी बँक, सिम आणि ओळखपत्रं.

पैसे गेले असतील तर बाकीचं सगळं नंतर

१९३० हा क्रमांक लावा. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्राची ही आर्थिक फसवणुकीसाठीची हेल्पलाइन आहे. फोनवर नोंद झाली की ती थेट ज्या बँकेत पैसे गेले तिच्याकडे जाते आणि तिथे रक्कम शिल्लक असेल तर ती रोखून धरतात. पुढच्या बँकेत सरकली असेल तर नोंद तिथे पाठवतात. चोरांची खाती भाड्याची असतात आणि पैसे एका खात्यातून दुसऱ्यात मिनिटांत फिरवले जातात. त्यामुळे पहिल्या तासाभरात केलेला फोन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी केलेला फोन यांत फार मोठा फरक पडतो. लाइन व्यस्त लागली तर लावत राहा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी त्याच वेळी सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार भरायला बसवा.

फोन करताना हाताशी ठेवायच्या गोष्टी: खातं किंवा कार्ड कोणत्या बँकेचं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. यूपीआयचा असेल तर तो १२ अंकी असतो, बँकेच्या एसएमएसमध्ये किंवा ॲपच्या व्यवहार-इतिहासात मिळतो. मिळालेला तक्रार क्रमांक कागदावर लिहून ठेवा.

लगेच बँकेलाही कळवा. फोनवर सांगून थांबू नका, लेखी कळवा आणि पोच घ्या, कारण पुढे सगळं त्या तारखेवर आणि वेळेवर अवलंबून असतं. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी ठरवून दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तशीच सूचना काढली. आपल्याकडे नागरी सहकारी बँकांची खाती घरोघरी आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्या चौकटीचा गाभा असा: चूक ना बँकेची ना तुमची, गळती तिसरीकडेच झालेली असेल आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर नुकसान येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर तुमच्या वाट्याला येणाऱ्या रकमेला मर्यादा असते, साध्या बचत खात्यासाठी व्यवहारामागे १०,००० रुपये. तुम्ही स्वतःच पासवर्ड किंवा ओटीपी दिलेला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं.

फिशिंगमध्ये, म्हणजे खोट्या मेलच्या जाळ्यात, सापडलेल्या माणसाला बँकेत पहिलं वाक्य ऐकू येतं ते म्हणजे "ओटीपी तुम्हीच दिलात." त्यावर तो खाली मान घालून परत येतो. तसं येऊ नका. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे. आणि ओटीपी खरोखरच दिला असला, तरी लेखी कळवल्याच्या क्षणापासून पुढचा धोका तुमच्या डोक्यावरून उतरतो. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही आणि शुल्कही नाही.

कॉम्प्युटर: इथूनच नवा पासवर्ड बाहेर जातो

ज्या कॉम्प्युटरवर तो मेल उघडला त्याचं इंटरनेट तोडा. वाय-फाय बंद करा, केबल काढा. डिजिटल स्वाक्षरीची यूएसबी लावलेली असेल तर काढून घ्या. कर सल्लागारांच्या ऑफिसात ती दिवसभर तशीच लावलेली असते. स्वाक्षरीची किल्ली तिच्यातून कॉपी करता येत नाही हे खरं, पण यूएसबी जोडलेली आणि पिन टाइप करताना टिपलेला असेल तर तिथल्या तिथे ती वापरता येते.

आता आत काय आलं ते समजून घेऊ, कारण त्यावर पुढची मेहनत ठरते. मे २००० मध्ये फिलिपिन्समधून सुटलेला 'आय लव्ह यू' नावाचा मेल-व्हायरस जगभर पसरला, त्यात एक साधी युक्ती होती. सोबतच्या फाइलच्या नावात टीएक्सटी असं लिहिलेलं होतं आणि त्यामागे व्हीबीएस हे खरं शेपूट, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं, होतं; व्हीबीएस म्हणजे उघडताच चालणारा प्रोग्रॅम. विंडोज ओळखीच्या प्रकारच्या फाइलींचं शेवटचं शेपूट लपवतं, त्यामुळे लोकांना ते साधं पत्र वाटलं. आज पाव शतकानंतरही विंडोज हे शेपूट मुळात लपवूनच ठेवतं, आणि 'इन्व्हॉइस डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' अशी फाइल अजूनही पीडीएफ म्हणून उघडली जाते. तुमच्या ऑफिसातल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत जाऊन 'फाइल नेम एक्सटेन्शन्स' चालू करा. एका क्लिकचं काम आहे, आणि माझ्या मते कुठल्याही महागड्या अँटिव्हायरसच्या आधी हे करावं.

२०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या वर्ड-एक्सेल फाइलींमधले मॅक्रो, म्हणजे फाइलीत दडलेले आपोआप चालणारे आदेश, मुळातच अडवायला सुरुवात केली. तेव्हापासून चोर इतर प्रकारांकडे वळले. सध्या जास्त दिसतात ते हे. पासवर्ड लावलेली झिप, जिचा पासवर्ड मेलमध्येच लिहिलेला असतो. झिप बंद असल्यामुळे वाटेतलं अँटिव्हायरस तिच्या आत पाहू शकत नाही. दुसरा प्रकार एचटीएमएल, म्हणजे वेबपानाच्या फाइलचा: उघडली की हुबेहूब लॉगिनचं पान दिसतं, पण वर पत्त्याच्या जागी वेबसाइट नसून तुमच्याच डाउनलोड्स फोल्डरचा मार्ग असतो. तिसरा प्रकार अलीकडचा आणि फार घातक. लिंकवर गेलं की "तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करा" असं पान येतं आणि विंडोजचं बटण व आर, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर दाबायला सांगतं. या तीन कृतींत चोराने गुपचूप कॉपी करून ठेवलेला आदेश तुम्ही स्वतःच्या हाताने चालवता. कुठलीही खरी पडताळणी असं करायला सांगत नाही.

आत येतो तो बहुतेक वेळा माहिती चोरणारा प्रोग्रॅम. रेडलाइन आणि लुमा ही त्यांतली कुप्रसिद्ध नावं. त्यांच्यावर २०२४ आणि २०२५ मध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी मिळून कारवाई केली, पण त्यांच्या जातीचे इतर फिरतच आहेत. हा प्रोग्रॅम स्क्रीन लॉक करत नाही, कॉम्प्युटर मंद करत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कार्डांचे क्रमांक आणि कुकी उचलतो आणि पाठवून देतो. कुकी म्हणजे तुम्ही एकदा लॉगिन केल्यावर ब्राउझरकडे राहिलेला प्रवेशाचा पुरावा. तो हातात असेल तर चोराला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही नाही. "मला ओटीपी आलाच नाही, मग शिरले कसे?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

साफ करताना विंडोज सिक्युरिटीमध्ये 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन', तिथे 'स्कॅन ऑप्शन्स', आणि त्यात ऑफलाइन स्कॅन निवडा. कॉम्प्युटर पुन्हा सुरू होतो आणि विंडोज चालू होण्याआधीच तपासणी होते. त्यामुळे लपून बसलेल्या प्रोग्रॅमला स्वतःला वाचवता येत नाही. याच्या जोडीला सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवर मोफत साफसफाईची साधनं मिळतात, त्यांत पुण्याच्या क्विक हीलचंही आहे. ही साधनं दुसऱ्या, स्वच्छ कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

स्कॅनमध्ये माहिती चोरणारा प्रोग्रॅम सापडला तर मी विंडोज नव्याने टाकतो. 'सापडला, काढला, झालं' एवढ्यावर मी थांबत नाही, कारण त्याने सोबत आणखी काय आणलं हे खात्रीने सांगता येत नाही. फक्त कागदपत्रं, फोटो आणि टॅलीचा डेटा बाहेर काढून ठेवा. जुने सेटअप आणि झिप फाइली परत आणू नका.

विंडोज नव्याने टाकूनही त्रास परत आला अशी उदाहरणं मी पाहिली आहेत आणि त्यांचं कारण ब्राउझरमध्ये होतं. क्रोमला पुन्हा लॉगिन केलं की तो जुनी सगळी एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्रॅम, आपोआप परत आणतो, त्यात चोराचंही एखादं असलं तर तेही. म्हणून लॉगिन केल्याबरोबर एक्स्टेन्शन्सची यादी उघडा आणि जे तुम्ही स्वतः, कारण माहीत असून, घेतलेलं नाही ते काढा. कूपन शोधणारे आणि पीडीएफ बदलून देणारे तर काढाच.

फोन विसरू नका. तेच मेल खातं फोनवरही असतं. वाहतूक चलान किंवा सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून आलेलं ॲप, बसवली असेल तर एसएमएस वाचायची परवानगी तिच्याकडे असते, म्हणजे प्रत्येक ओटीपी तिला दिसतो. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेसिबिलिटी', 'नोटिफिकेशन ॲक्सेस' आणि 'डिव्हाइस ॲडमिन' या तिन्ही ठिकाणी कोणाकोणाची नावं आहेत ते बघा. एनीडेस्कसारखी दुरून स्क्रीन पाहणारी ॲप्स कुणाच्या सांगण्यावरून बसवली असतील तर तीही काढा. ती ॲप्स मुळात चांगल्या कामासाठी आहेत, पण त्यांचा असा गैरवापर होतो म्हणून रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं.

मेल खातं: चोराच्या मागच्या वाटा

हा भाग घाईने करू नका. पुन्हा पुन्हा होणाऱ्या त्रासाचं मूळ मला सर्वांत जास्त वेळा इथेच सापडलेलं आहे. स्वच्छ कॉम्प्युटरवर बसा. फोनवरच्या जीमेल ॲपमध्ये यातल्या काही गोष्टी दिसत नाहीत, त्यामुळे ब्राउझरमधूनच उघडा.

सर्वांत आधी पासवर्ड बदला, आणि लगेच खात्याच्या सुरक्षा पानावर 'तुमची उपकरणं' यादी उघडून आपल्या हातातल्या यंत्राखेरीज सगळ्यांना बाहेर काढा. चोरलेली कुकी निकामी होते ती यामुळे.

मग फिल्टर. जीमेलमध्ये 'सी ऑल सेटिंग्ज', त्यात 'फिल्टर्स अँड ब्लॉक्ड ॲड्रेसेस'. आउटलुकमध्ये 'रूल्स'. चोर इथे एक ओळ लिहून ठेवतो: ज्या मेलमध्ये बँकेचं नाव, 'ओटीपी', 'ट्रान्झॅक्शन' किंवा 'सिक्युरिटी अलर्ट' असेल तो इनबॉक्समध्ये न दाखवता थेट कचऱ्यात टाक. बँक सूचना पाठवत राहते, तुम्हाला एकही दिसत नाही. बँकेला कळवायची मुदत सूचना मिळाल्यापासून मोजतात, त्यामुळे ही एक ओळ तुमचे कामाचे दिवस खाऊन टाकते. ही युक्ती छोट्या चोरांपुरती नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेतून ८.१ कोटी डॉलर गेले, तेव्हा आत शिरण्यासाठी नोकरीच्या अर्जाचे मेल वापरले होते. आणि चोरी चालू असताना व्यवहारांच्या नोंदी छापणारा बँकेचा प्रिंटर बंद पाडला होता, म्हणजे लगेच कुणाला पत्ता लागू नये. तुमच्या मेलमधला फिल्टर तेच काम करतो. तो काढल्यावर ट्रॅश आणि 'ऑल मेल'मध्ये बँकेचं नाव शोधा. राहून गेलेल्या सूचना तिथे मिळतात आणि तक्रारीला पुरावा म्हणून लागतात.

त्याच सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' बघा. अनोळखी पत्ता असेल तर तुमचा प्रत्येक मेल त्याच्याकडेही जातोय. 'अकाउंट्स अँड इम्पोर्ट'मध्ये दुसऱ्या कुणाला तुमचं खातं वापरायची मुभा दिली आहे का, आणि उत्तराचा पत्ता बदलून ठेवलाय का, तेही तपासा. पासवर्ड बदलल्याने यातलं काहीही पुसलं जात नाही. ऑफिसच्या स्वतःच्या डोमेनवर मेल असेल तर होस्टिंगच्या पॅनेलमधले फॉरवर्डरही पाहा, कारण ते मेल प्रोग्रॅममध्ये दिसत नाहीत. एका व्यापाऱ्याकडे आम्ही सगळं साफ करूनही मेल फुटत होते, ते तिथून.

खातं परत मिळवण्यासाठी दिलेला फोन आणि पर्यायी मेल तुमचाच आहे ना, ते बघा. गूगलच्या बाबतीत एक बारकावा आहे. हे तपशील बदलले तरी जुन्या क्रमांकावर किंवा पत्त्यावर पडताळणीचा कोड घेण्याची सोय सात दिवसांपर्यंत राहू शकते. चोराने आपला पत्ता घातलेला असेल तर तुम्ही तो काढल्यावरही आठवडाभर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. "सगळं केलं, तरी चौथ्या दिवशी खातं गेलं" याचं एक कारण हे असतं.

खात्याला जोडलेली इतर ॲप्स आणि सेवा काढा. मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत विशेषतः, एकदा दिलेली परवानगी पासवर्ड बदलल्यावरही चालू राहू शकते. शेवटी दुहेरी पडताळणी लावा, एसएमएसऐवजी फोनवरच कोड बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी, म्हणजे पासवर्डऐवजी तुमच्या फोनच्या किंवा कॉम्प्युटरच्या लॉकने चालणारी किल्ली. पासकी मला जास्त पसंत आहे, कारण ती खऱ्या पत्त्याच्या साइटलाच उत्तर देते. नकली पानावर माणूस फसला तरी ती फसत नाही. बॅकअप कोड नवे काढा, जुने चोराकडे असतील.

बँक, सिम, आधार

आता, आणि आताच, बँकेचे पासवर्ड. नेट बँकिंगमध्ये नवे लाभार्थी जोडलेत का, व्यवहारांच्या मर्यादा वाढवल्यात का, नोंदवलेला मोबाइल आणि मेल तोच आहे का, हे पाहा. ब्राउझरमध्ये साठवलेली कार्डं बंद करून नवी मागवा. नुसता पिन बदलून भागत नाही, क्रमांक आणि मागचे तीन आकडे चोरीला गेलेले असतात. कार्डावरचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद-चालू करता येतात. लागत नसेल तेव्हा परदेशी व्यवहार बंदच ठेवा.

मोबाइलवर ##००२# डायल केलं की सगळी कॉल फॉरवर्डिंग रद्द होते. फोनवरून सांगितले जाणारे ओटीपी वळवण्यासाठी चोर तिचा वापर करतात. फोनची रेंज अचानक आणि बराच वेळ गेली, शेजाऱ्याची मात्र आहे, असं झालं तर तुमच्या नंबरचं नवं सिम दुसऱ्याने कंपनीकडून काढून घेतलेलं असू शकतं. त्या वेळी कंपनीच्या दुकानात जाण्याआधी दुसऱ्या फोनवरून बँकेला खातं गोठवायला सांगा.

कर सल्लागाराच्या मेलमध्ये शेकडो अशिलांची पॅन आणि आधारची चित्रं पडून असतात, आणि घरच्या मेलमध्येही कर्जासाठी पाठवलेली असतातच. ती गेली असं धरून चाला. आधारच्या वेबसाइटवरून किंवा ॲपवरून बोटांचे ठसे लॉक करता येतात. लॉक असताना आधारवर चालणाऱ्या यंत्रातून पैसे काढता येत नाहीत. रेशन किंवा सिमसाठी लागलं तर तात्पुरतं उघडता येतं.

पुढचा मेल खरा की खोटा, कसं पाहायचं

आयकर खात्याचा मेल खोटाच असतो असं नाही. खातं खरोखर मेल पाठवतं आणि घाबरून सगळेच पुसले तर खरी नोटीस राहून जाते. कलम १४३(१) ची खरी सूचना पीडीएफ असते आणि तिचा पासवर्ड म्हणजे छोट्या इंग्रजी अक्षरांत तुमचा पॅन व पुढे जन्मतारीख. म्हणजे तुमच्याकडचीच माहिती. 'झिपचा पासवर्ड १२३४' असं सांगणारा मेल त्यांचा नाही. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या पत्रांवर दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. ई-फायलिंग पोर्टलवर तो टाकून पत्र खरं आहे का हे लॉगिन न करताही पडताळता येतं. परतावा विवरणपत्रात पडताळलेल्या खात्यात आपोआप जमा होतो, त्यासाठी कुठल्याही पानावर कार्डाचा क्रमांक भरावा लागत नाही.

पत्ता वाचायचा तो उजवीकडून. 'इन्कमटॅक्स डॉट जीओव्ही डॉट इन' एवढं डावीकडे दिसलं म्हणजे झालं नाही. सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'मागच्या दोन रेषा सोडून, पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी काय आहे, ती साइट त्याची. फोनच्या अरुंद पडद्यावर लांब पत्ता कापला जातो आणि चोर नेमका त्याचा फायदा घेतो. म्हणून पैशांच्या मेलवर फोनवरून काहीच करू नका, कॉम्प्युटरवर येईपर्यंत थांबा. बँकांसाठी एक चांगली गोष्ट झाली आहे: रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या साइट 'डॉट बँक डॉट इन' या शेवटावर न्यायला सांगितलं. हा शेवट बँकांखेरीज कुणाला मिळत नाही. तुमच्या बँकेचा तसा पत्ता एकदा पासबुकावर लिहून ठेवा आणि तोच टाइप करून जा.

जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, मेल कुठून निघाला हे तपासणाऱ्या तीन चाचण्यांपुढे 'पास' किंवा 'फेल' दिसतं. बँकेच्या नावाने आलेल्या मेलला 'फेल' असेल तर विषय संपला. 'पास' असेल तर मात्र निश्चिंत होऊ नका. त्याने एवढंच कळतं की मेल ज्या डोमेनचा म्हणवतो तिथूनच निघालाय. ते डोमेन चोराने काल विकत घेतलेलं असू शकतं, किंवा मेल तुमच्या ओळखीच्या माणसाच्या हॅक झालेल्या खात्यातून आलेला असतो.

हा दुसरा प्रकार व्यापाऱ्यांना फार महागात पडतो. चोर आठवडेच्या आठवडे मेल वाचत बसतो. द्राक्षांच्या किंवा बेदाण्याच्या मालाचं बिल जायची वेळ आली की त्याच धाग्यात, तुमच्याच भाषेत, "आमचं बँक खातं बदललंय" असं लिहून नवं बिल पाठवतो. पत्ता तुमचाच, किंवा एका अक्षराच्या फरकाचा. इंग्रजी आर आणि एन शेजारी आले की एम वाटतात, हे त्याला पक्कं माहीत असतं. खातं बदलल्याचा मेल आला की आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. हा नियम तुमच्या खरेदीदारांनाही आजच कळवा.

खोटा मेल पुसण्याआधी तो सर्ट-इनला, म्हणजे देशाच्या कॉम्प्युटर आपत्कालीन प्रतिसाद पथकाला, 'इन्सिडेंट' या नावाने सुरू होणाऱ्या त्यांच्या पत्त्यावर पाठवा. आयकराच्या नावाचा असेल तर खात्याच्या वेबमॅनेजर पत्त्यावरही. नुसता फॉरवर्ड केला तर मूळ प्रवासाची नोंद निघून जाते, म्हणून 'फॉरवर्ड ॲज अटॅचमेंट' वापरा.

ज्यांची माहिती तुमच्याकडून गेली त्यांना सांगा

हे टाळलं जातं, आणि मला ते खटकतं. अशील दुखावेल म्हणून ऑफिस गप्प बसतं आणि त्याच कागदांवर अशिलाच्या नावाने कर्ज निघतं. सांगायला चार ओळी पुरतात: "अमुक तारखेला आमच्या मेल खात्यात अनधिकृत प्रवेश झाला. त्यात तुमचं पॅन, आधार आणि बँकेचा तपशील होता. आमच्या नावाने आलेल्या कुठल्याही लिंकवर जाऊ नका, पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन करून विचारा. आधारचे ठसे लॉक करा." तक्रार क्रमांकही द्या, पुढे त्यांना लागला तर उपयोगी पडतो.

त्यांना आणि स्वतःलाही महिन्याभराने कर्ज-इतिहासाचा अहवाल काढायला सांगा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांना दरवर्षी एक पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. चारांकडून तीन-तीन महिन्यांच्या अंतराने मागितला तर वर्षभर नजर राहते. खाती वाचण्याआधी 'चौकशी' हा भाग वाचा: तुम्ही कधीच न गेलेल्या वित्तसंस्थेने तुमचा अहवाल मागवल्याची नोंद तिथे सर्वांत आधी उमटते. तशी दिसली तर ती संस्था आणि ती नोंद दाखवणारी कंपनी, दोघांकडे लेखी हरकत घ्या आणि सायबर तक्रारीचा क्रमांक जोडा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.